नांगर एकाचा, खसरा दुसऱ्याचा

बालाघाटात खताचं दुकान टाकायचं तर कृषी खात्याचा परवाना काढावा लागतो, ऑटो चालवायची तर परमिट लागतं. धान लावायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. पाऊस लागला, बांधीत पाणी साचलं, पऱ्हे हाताएवढे झाले की रोवणी सुरू. इतक्या मोकळेपणानं शिरता येईल असे धंदे देशात फार थोडे आहेत. पण हा मोकळेपणा धुऱ्यापर्यंतचाच. धुरा ओलांडून बँकेत कर्ज मागायला, पीक विमा काढायला किंवा सोसायटीत हमीभावानं धान घालायला गेलं की पहिला प्रश्न येतो: खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव कुणाचं? तिथं नाव नसेल तर आयुष्यभर चिखल तुडवलेला माणूसही सरकारच्या लेखी शेतकरी ठरत नाही. छोट्या शेतीच्या सुरुवातीला ट्रॅक्टर, बियाणं, मोटारपंप असे अनेक खर्च असतात, पण सर्वांत जड खर्च या नावाचा आहे. तो हलका करायला नवा निधी लागत नाही. हाताशी असलेला कायदा अमलात आणला तरी पुष्कळ होईल.

वैनगंगेकाठचा हा जिल्हा मराठी वाचकाला परका नाही. ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात तो नागपूर विभागात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वाराशिवनी, कटंगी, खैरलांजी, लांजी या भागांत पोवारी, हिंदी आणि मराठी एकाच अंगणात ऐकू येतात. गोंदियाशी सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे, दवाखानेही आहेत. बाघ नदीच्या दोन्ही तीरांना धानच पिकतं आणि दोन्ही तीरांना मालगुजारांच्या काळातले तलाव अजून बांध्यांना पाणी देतात. कागद मात्र नदीपाशी बदलतात. अलीकडे सातबारा आणि फेरफार, पलीकडे खसरा, बी-१ आणि नामांतरण. कायदाही बदलतो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा आधीपासून शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्यातही तीच अट आहे. मध्य प्रदेशात अशी सरसकट अट नाही. गोंदियातला एखादा बिगरशेतकरी नोकरदार आपल्या गावात एक एकर घेऊ शकत नाही, पण नदी ओलांडून घेऊ शकतो.

म्हणजे दार उघडं आहे. आत शिरल्यावर काय होतं ते पाहू.

जमिनीच्या किमतीपाठोपाठ मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क येतं. व्यवहार कितीत ठरला याबरोबर कलेक्टर गाइडलाइनचा दर काय आहे हेही पाहिलं जातं आणि शुल्क त्यातल्या चढ्या आकड्यावर लागतं. नोंदणी आता 'संपदा २.०' या प्रणालीवर होते. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर नामांतरण. मध्य प्रदेशानं या बाबतीत खरोखर चांगलं काम केलं आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अधिकाऱ्याला दंड करणारा लोकसेवा हमी कायदा देशात सर्वांत आधी, २०१० साली, याच राज्यानं केला. महाराष्ट्राला त्यासाठी २०१५ उजाडलं. २९ फेब्रुवारी २०२४ पासून राज्यभर 'सायबर तहसील' लागू झाली. विक्रीची नोंदणी होताच अविवादित नामांतरणाचं प्रकरण आपोआप तयार होतं, अर्ज घेऊन तहसिलीत खेटे घालावे लागत नाहीत. पण सुरुवातीला ही सोय ठेवली ती अख्खा खसरा क्रमांक विकला जातो अशा व्यवहारांसाठी. लहान शेतकरी अख्खा क्रमांक क्वचितच घेतो. तो मोठ्या बांधीतला तुकडा घेतो. मग बटांकन, म्हणजे तुकड्याला वेगळा क्रमांक, आलं, नकाशावर नवी रेघ आली, सीमांकनासाठी राजस्व निरीक्षकाची तारीख आली आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याची समजूत काढणंही आलं. पावसाळ्यात बांध्या भरलेल्या असताना मोजणी होत नाही, त्यामुळे तारीख चुकली तर काम धान कापल्यावरच.

वारशानं येणाऱ्या जमिनीचं दुखणं निराळं आहे. घरात वाटणी तोंडी होऊन जाते: थोरल्याला तलावाखालची बांधी, धाकट्याला रस्त्याकडची. खसऱ्यात नाव आजोबांचंच राहतं. ते बदलायचं तर आधी फौती नामांतरण, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं, मग भूराजस्व संहितेच्या कलम १७८ खाली बटवारा, मग प्रत्येकाची वेगळी ऋणपुस्तिका. बाप हयात असतानाच वाटणी नोंदवण्याची तरतूद, कलम १७८-क, मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत आहे. ती वापरणारी घरं मात्र कमी, कारण हयात बापापुढे वाटणीचा कागद ठेवायला कुणाचा हात धजावत नाही. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत पुढची पिढी खसरा, आधार आणि समग्र आयडी यांची नावं जुळवत भरते. एका अक्षराचा फरक पडला तरी ई-केवायसी अडते.

बरं, नवा मालक झाला तरी लगेच सगळं मिळतं असंही नाही. वर्षाला ६००० रुपये देणारी पीएम-किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ नियमांत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख बांधून दिली होती. त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन, तो पात्र. त्यानंतर वारसा सोडून अन्य मार्गानं जमीन घेणाऱ्याला पुढची पाच वर्षं योजनेत जागा नव्हती. जमिनीचे बनावट तुकडे पाडून पैसे उचलले जाऊ नयेत हा हेतू रास्तच होता. तरी ज्याला पहिल्या दोन-तीन हंगामांत हातभाराची सर्वांत जास्त गरज, त्या नव्या शेतकऱ्यालाच या नियमानं बाहेर ठेवलं.

हे झालं विकत घेणाऱ्यांचं. पण बालाघाटातली छोटी शेती सुरू होते ती बहुधा विकत न घेताच. घरचा मालक नोकरीसाठी नागपूरला, रायपूरला किंवा जबलपूरला गेलेला असतो. कुणी मलाजखंडच्या तांब्याच्या किंवा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत लागलेला असतो. बांधी गावातल्या कुणाला तरी ठेक्यानं किंवा अधियानं दिली जाते. ठेका म्हणजे ठरलेली रक्कम किंवा ठरलेलं धान, अधिया म्हणजे पिकाची निम्मी वाटणी. बोली अक्षयतृतीयेच्या सुमारास होते, एखाद्या ओसरीवर, दोन माणसांच्या साक्षीनं. कागद नाही. मालकाला भीती असते की कागद झाला तर उद्या हा कब्जा सांगेल. ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९५० च्या कायद्यानं इथली मालगुजारी संपली आणि कसणाऱ्यांना जमिनीवर हक्क मिळाले, ही आठवण घराघरांत आहे. महाराष्ट्रात कुळाचं नाव सातबाऱ्यावर चढलं की जमीन गेली, हे सोयऱ्यांकडून ऐकलेलं असतं. म्हणून शेत एकाचं आणि घाम दुसऱ्याचा, ही गोष्ट गावाला तोंडपाठ असली तरी दप्तरात कुठेही सापडत नाही.

दप्तरात नसण्याची किंमत पैशांत मोजता येते. २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. समजा ठेक्याच्या एका एकरात १५ क्विंटल धान झालं. सोसायटीत घालता आलं तर ३५,५३५ रुपये हाती येतील. नोंदणी नाही म्हणून गावातल्या व्यापाऱ्याला १९०० नं द्यावं लागलं तर २८,५०० रुपये. एका एकरामागे ७०३५ रुपयांचं अंतर, आणि ते एका कागदाचं. याच एकराला एक पोतं डीएपी आणि दोन पोती युरिया लागला असं धरलं तर सरकारी दरानं त्याचे १८८३ रुपये होतात. म्हणजे खताच्या दराची जेवढी चर्चा होते, त्याच्या किती तरी पट नुकसान नोंदणी नसल्यानं होतं. त्याविषयी मात्र क्वचितच कुणी बोलतं.

हमीभाव ठरतो त्या हिशेबातही हा शेतकरी नीट दिसत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबानं २०२५-२६ साठी धानाचा उत्पादन खर्च क्विंटलला १५७९ रुपये येतो आणि त्यावर दीडपट म्हणून २३६९ रुपये. या खर्चात बियाणं, खत, मजुरी, डिझेल आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल धरलेलं असतं. ठेक्यानं घेतलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष दिलेलं भाडं आयोगाच्या सूत्रात मोजलं जातं, पण देशभराची सरासरी काढताना मालक-शेतकऱ्यांच्या गर्दीत ते पातळ होऊन जातं. आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं व गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज ज्या व्यापक खर्चात येतं, त्यावर हमीभाव बांधलेला नाही. नव्यानं शेतीत उतरणाऱ्याचा तर सगळा खर्च याच दोन जागी असतो: जमिनीचं भाडं आणि उसनं आणलेलं भांडवल. पन्नास टक्के नफ्याचा आकडा जुन्या, कर्जमुक्त मालकाला लागू पडतो. ठेकेदार शेतकऱ्याच्या बाबतीत तो फार लवकर विरतो.

कसणाऱ्याची नोंद नसण्यावर उपाय कागदावर आहे आणि त्याला दशक उलटत आलं. २०१६ साली मध्य प्रदेशनं भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटईदार (दुसऱ्याची जमीन कसणारा) यांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. त्याची बांधणी सुज्ञ आहे. साध्या कागदावर करार करायचा, मुद्रांकाची गरज नाही. त्याच्या तीन प्रती: एक मालकाला, एक बटईदाराला, एक तहसीलदाराला. कराराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. मुदत संपली की जमीन मालकाकडे परत, बटईदाराला कब्जाचा कोणताही हक्क नाही. त्याच वेळी नैसर्गिक आपत्तीची मदत आणि विम्याची भरपाई यांत बटईदाराचा वाटा मान्य केलेला. मालकाची भीती आणि कसणाऱ्याची गरज, दोन्ही एका पानात सोडवणारा असा कायदा महाराष्ट्रालाही हेवा वाटावा असा आहे.

धान खरेदीच्या नोंदणीतही त्याचं प्रतिबिंब आहे. ज्यांना तिथं सिकमी म्हणतात, त्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना करार दाखवून सोसायटीच्या केंद्रावर नोंद करता येते. मालक घरबसल्या मोबाइलवर नोंद करू शकतो. सिकमीला आणि वनहक्काचा पट्टा असलेल्याला केंद्रावर जावंच लागतं. गैरव्यवहार रोखण्यासाठी तपासणी हवी, हे मान्य. व्यापारी सिकमीचे खोटे करार करून आपलं धान सरकारच्या गळ्यात मारतात, अशी तक्रारही वरचेवर होते. पण त्यावरचा उपाय करार लवकर आणि उघडपणे नोंदवणं हा आहे. अक्षयतृतीयेला झालेला, ग्रामसभेत वाचला गेलेला करार ऑक्टोबरात बनावट ठरवणं अवघड जातं. नोंदणीच्या आदल्या आठवड्यात, मागची तारीख टाकून केलेला करार मात्र कुणालाही ओळखू येतो आणि तरीही चालून जातो.

कर्जाचंही असंच. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत तोंडी बोलीवर कसणारे आणि बटईदार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही, आणि राज्यातल्या सहकारी सोसायट्या वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी देतात. इतकं सगळं असूनही खिडकीवर मागतात तो खसराच. म्हणून ठेक्याची शेती सुरू होते ती सावकाराच्या किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर. हंगाम संपला की धान थेट त्याच उधारीत जातं. बिनव्याजी पैसा मालकाच्या नावावर उचलला जातो आणि व्याजाचा पैसा कसणाऱ्याच्या खिशातून जातो.

इथे बालाघाटच्या बायकांविषयी वेगळं बोलायला हवं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशातलं सर्वांत वरचं प्रमाण. रोवणीच्या दिवसांत कुठल्याही बांधीपाशी उभं राहून पाहावं. पुरुष चिखलणी करतो, पऱ्ह्याच्या जुड्या धुऱ्यावरून फेकतो आणि मोकळा होतो. घोटाभर पाण्यात वाकून, मागे मागे सरकत, जुडीतून दोन-तीन रोपं अंगठ्यानं सोडवून चिखलात खोचत जाणारी ओळ सगळी बायकांची असते. पाऊस आला तर डोक्यावर प्लास्टिकची खोळ येते, ओळ थांबत नाही. निंदण त्यांचं, कापणीतला मोठा वाटाही त्यांचाच. घरचा पुरुष बाहेरगावी मजुरीला गेला की सगळी शेती त्यांचीच. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, आणि बाईच्या नावानं नोंदणी केली तर राज्य शुल्कात सवलतही देतं. पण सासरच्या जमिनीत नाव नाही, माहेरच्या जमिनीतलं नाव भावासाठी सोडलेलं. बचत गटातल्या बायकांनी गटानं जमीन ठेक्यानं घ्यायची म्हटली तर पुन्हा तोच कराराचा कागद लागतो. केरळात कुटुंबश्रीच्या बायकांनी गटागटानं जमिनी ठेक्यानं घेऊन शेती उभी केली, कारण मागे पंचायत आणि बँक दोन्ही उभ्या राहिल्या. बालाघाटात हात आहेत, गटही आहेत. बँकेपुढे ठेवायला कागद मात्र नाही.

सातपुड्याच्या घाटावर, बैहरकडे, प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बैहर हा पाचव्या अनुसूचीतला भाग. तिथं गोंड आणि बैगा राहतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जाऊ नये म्हणून भूराजस्व संहितेच्या कलम १६५ मध्ये बंधनं आहेत, आणि ती राहिलीच पाहिजेत. गुंतवणुकीच्या नावाखाली ती सैल करण्याची मागणी अधूनमधून होते. तिला थारा देता कामा नये. अडचण वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ज्यांना पट्टा मिळाला, त्यांची जमीन खसऱ्याच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही, म्हणून त्यांना प्रत्येक योजनेसाठी प्रत्यक्ष केंद्र गाठावं लागतं. जिल्ह्याच्या गावाला साठ-सत्तर किलोमीटरचा घाटरस्ता. कान्हाच्या जंगलालगत रानडुकरांनी धान लोळवलं तर भरपाईसाठी महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ आहे. पंचनाम्याला पटवारी येतो आणि नाव विचारतो ते पुन्हा खातेदाराचंच.

बालाघाटच्या छोट्या शेतकऱ्याला जास्त पैसा मिळवून देऊ शकेल असं एक पीक आहे: चिन्नोर. सुवासिक, मऊ शिजणारा, खिरीला नावाजलेला. 'बालाघाट चिन्नोर'ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिल्ह्याच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेतही तोच आहे. पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही स्वतःचं मानांकन मिळालं. हे वाण उंच वाढतं, वाऱ्यानं लोळतं, उशिरा तयार होतं आणि संकरित धानापेक्षा कमी उतरतं. म्हणून धान तसंच विकून ते परवडत नाही. तांदूळ काढून, पिशवी भरून, नावानिशी विकला तरच मेहनतीचं चीज होतं. आणि शेतीला परवाना लागत नाही ही गोष्ट नेमकी इथे संपते.

अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला वगळतो. धान विकेपर्यंत त्याला काही लागत नाही. धानाचा तांदूळ करून पिशवीत भरला की तो अन्नव्यवसाय झाला. २०११ च्या नियमांनुसार बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपये. पिशवीवर वजन, कमाल किंमत, भरल्याचा महिना, पत्ता छापायचा तर वैधमापन खात्याच्या नियमांत पॅकर म्हणून नोंद, पाचशे रुपये. मानांकनाचं नाव वापरायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज. त्याचं शुल्क २०२० मध्ये पाचशेवरून दहा रुपयांवर आणलं गेलं. घरामागे छोटी गिरणी बसवायची तर तेवढ्या जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापरात बदल. २०१८ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच आकारणी करून पैसे भरायचे आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवायचं. वस्तू व सेवा कर चाळीस लाखांच्या आत नाही, हे राज्यातल्या विक्रीपुरतं. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पंचवीस किलोपर्यंतच्या तांदळाच्या पिशवीवर पाच टक्के कर आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. बालाघाटच्या शेतकऱ्याला जबलपूरला चिन्नोरची पिशवी नोंदणीविना विकता येते, पण त्याहून किती तरी जवळच्या गोंदियाच्या सोयऱ्याच्या दुकानात ठेवायची तर करनोंदणी आणि मासिक किंवा तिमाही विवरणपत्रं लागतात. सीमेवरच्या जिल्ह्यासाठी हा नियम फार जाचक आहे. किमान मानांकन असलेल्या शेतमालाला आणि लहान उत्पादकाला त्यातून सूट मिळायला हवी.

शुल्कांची बेरीज केली तर ती हजार रुपयांच्याही आत भरते. खर्च होतो तो खेट्यांचा, बुडालेल्या रोजीचा आणि फॉर्म भरून देणाऱ्याच्या फीचा. एवढ्या दारांवर एकटा शेतकरी जाणार नाही, म्हणूनच शेतकरी उत्पादक कंपन्यांची कल्पना पुढे आली. २०२० च्या केंद्रीय योजनेत अशा प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च मिळतो, लहान प्रक्रिया उद्योगाला त्याच वर्षीच्या दुसऱ्या योजनेतून पस्तीस टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान. परवान्यांचं ओझं गटानं उचलायचं आणि शेतकऱ्यानं फक्त चिन्नोर आणून द्यायचा, हीच योग्य दिशा आहे. पण अशा कंपनीचा सभासद होतानाही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून मागतात तो खसराच.

यंत्रांबद्दल फार लिहायला नको. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर बाराचा पाच टक्के झाला, हे बरंच झालं. पण दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेऊच नये. भाड्यानं चिखलणी, भाड्यानं मळणी, हाच त्याला परवडणारा मार्ग, आणि गावोगाव तो आहेही. पाण्यासाठी मनरेगातल्या कपिलधारा विहिरी आहेत, सौरपंपाची २०१९ ची कुसुम योजना आहे. शेतीच्या उपशाला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या सूचनांनी परवानगीतून वगळलं आहे. विहीर आणि पंप दोन्ही मिळतात ते जमीनमालकाला. ठेक्याच्या बांधीत कायमचं पाणी कोण करणार? मालकाला गरज नाही आणि कसणाऱ्याला हक्क नाही, म्हणून ती बांधी पावसावरच राहते.

इतर राज्यांनी वाटा शोधल्या आहेत. आंध्र प्रदेशनं २०११ मध्ये परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा केला आणि कर्जासाठी पात्रता कार्डं दिली. २०१९ मध्ये नवा कायदा करून अकरा महिन्यांचं पीक-कसणूक पत्र आणलं. त्यात मालकाच्या सहीची अट आली आणि पुष्कळ मालकांनी सही दिली नाही, हा धडा घेण्यासारखा आहे. ओडिशाच्या 'कालिया' योजनेनं बटईदार आणि भूमिहीनांनाही मदतीत घेतलं. फ्रान्सनं १९७० च्या दशकापासून तरुण शेतकऱ्याला शेती सुरू करतानाच अनुदान द्यायला सुरुवात केली, कारण पहिल्या काही वर्षांतच माणूस टिकतो किंवा शेती सोडतो हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे मदतीचा पैसा कमी नाही. तो जमिनीच्या मागे धावतो, कसणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

बालाघाटच्या बाबतीत मागणी अगदी लहान आहे. दर वर्षी अक्षयतृतीयेच्या पंधरवड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत बटई कराराचं शिबिर भरवावं. २०१६ च्या कायद्याचा नमुना छापील मिळावा, आणि लांजी-खैरलांजीकडे तो मराठीतही असावा. मुदत संपल्यावर जमीन परत, कब्जाचा दावा नाही, हे वाक्य वरच मोठ्या अक्षरांत असावं, म्हणजे मालक सही करताना कचरणार नाही. करार केलेल्या मालकाची पीएम-किसानची रक्कम बंद होणार नाही, हेही त्याला तिथंच लेखी सांगावं. बचत गटाला एक करारदार म्हणून मान्यता असावी. गिरदावरी, म्हणजे पीक पाहणी, करणाऱ्यानं पिकासोबत कसणाऱ्याचंही नाव लिहावं. शेतकरी ओळख क्रमांकाची जी नवी नोंदवही देशभर तयार होते आहे, तिच्यात मालकासाठी आणि कसणाऱ्यासाठी दोन स्वतंत्र रकाने असावेत. नाही तर आजची चूक संगणकात कायमची गोठेल.

करार वैशाखात होतो. धान खरेदीची नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तहसीलदाराकडे पोचलेली कराराची तिसरी प्रत पटवाऱ्याच्या नोंदीत आणि तिथून सोसायटीच्या संगणकात उतरवायला मधे पाच महिने मिळतात. त्यासाठी नवा कायदा नको, नवं पद नको. कलेक्टर कार्यालयातून निघालेला एक आदेश पुरेल, आणि तो येत्या रोवणीच्या आधी निघायला हवा.